समुद्र हटला, तरी खचत राहिलेलं बेट: नेदरलँड्समधलं स्खोकलांड

१० जुलै १८५९ रोजी नेदरलँड्समधली एक पालिका कायमची बंद झाली. तिचं नाव स्खोकलांड. झायडर झी नावाच्या उथळ समुद्रातलं हे एक चिंचोळं बेट होतं. लांबी जेमतेम चार किलोमीटर, रुंदी काहीशे मीटर आणि वस्ती साधारण साडेसहाशे माणसांची. सरकारने या सगळ्यांना बेट सोडायला लावलं, त्यांची घरं पाडली आणि उरलेली जमीन समोरच्या किनाऱ्यावरच्या कांपेन शहराच्या हद्दीत घातली. पुढे १९४२ साली बेटाभोवतीचा समुद्रच काढून टाकण्यात आला. आज स्खोकलांडच्या चारही बाजूंना बटाटा, कांदा, गहू आणि बीट यांची शेतं आहेत. ज्या धक्क्याला मासेमारीच्या होड्या लागत, त्याच्यासमोर ट्रॅक्टर फिरतात.

ही गोष्ट सहसा ‘माणूस विरुद्ध समुद्र’ अशा थाटात सांगितली जाते. समुद्राने बेट खाल्लं आणि मग डच अभियंत्यांनी समुद्राला हरवलं, एवढंच त्यात असतं. मला ही मांडणी अपुरी वाटते. स्खोकलांडचा खरा प्रश्न पायाखालच्या मातीत होता. त्या मातीतलं पाणी माणसाने दोनदा काढलं, एकदा मध्ययुगात आणि एकदा विसाव्या शतकात, आणि दोन्ही वेळा जमीन खाली बसली. समुद्राने पहिल्या खेपेचा फायदा उठवला. दुसऱ्या खेपेला समुद्र तिथे नव्हता, तरीही बेट खचतंच आहे. हे नीट कळायला आधी ती माती समजून घ्यावी लागते.

पायाखालची माती

शेवटचं हिमयुग संपल्यावर हजारो वर्षं समुद्राची पातळी वाढत गेली. त्या काळात आजच्या स्खोकलांडच्या परिसरातून फेख्त नदीचे प्रवाह वाहत होते. नदीकाठच्या थोड्या उंच, वाळूच्या पट्ट्यांवर माणसं राहत. ती शिकार करत, मासे धरत आणि पुढे थोडी शेतीही करू लागली. उत्खननात त्यांची मडकी, हाडं, थडगी आणि नांगराने जमिनीवर ओढलेल्या रेघासुद्धा सापडल्या आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या नांगरटीच्या रेघा मातीत टिकाव्यात, ही साधी गोष्ट नाही. त्या का टिकल्या, हे पुढे येईलच.

समुद्र वर आला तसं भूजलही वर आलं आणि सगळा प्रदेश दलदल झाला. अशा जागी लव्हाळे, बोरू, शेवाळं उगवतात आणि मरतात. पण पाण्याखाली हवा पोचत नसल्यामुळे पूर्ण कुजत नाहीत. वर्षाला मिलिमीटर-दीड मिलिमीटर या संथ गतीने त्यांचे थर साचत जातात. या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराला पीट म्हणतात. हजारो वर्षांत तो कित्येक मीटर जाड होतो. वाळवला तर जळणाला चालतो आणि डच शहरांनी शतकानुशतकं आपल्या चुली त्याच्यावरच पेटवल्या.

पीटची खोड अशी की त्यात माती फार कमी असते, पाणीच जास्त. नैसर्गिक अवस्थेत त्याच्या वजनातला ऐंशी-नव्वद टक्के वाटा पाण्याचा असतो. दिसायला ती जमीन असते, त्यावर गवत उगवतं, माणूस चालू शकतो. पण तिची उंची आतल्या पाण्याच्या जोरावर टिकलेली असते. तिच्यात चर खणून पाणी काढलं की मेथीची भली मोठी जुडी कढईत पडल्यावर जशी मूठभर होते, तशीच ती जमीन बसते.

आणि नुसती बसत नाही. पाणी गेलं की त्या पोकळ्यांत हवा शिरते. इतकी हजारो वर्षं हवेअभावी न कुजलेला पालापाचोळा आता सूक्ष्मजीवांच्या तावडीत सापडतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो अक्षरशः हवेत उडून जातो. म्हणजे एकीकडे जमीन दबते आणि दुसरीकडे तिचं वस्तुमानच घटतं. दबलेली जमीन पुन्हा भिजवली तर थोडीशी फुगेल, पण हवेत गेलेलं परत येत नाही.

साधारण दहाव्या-अकराव्या शतकापासून शेतकरी या पीटच्या प्रदेशात शिरले. त्यांनी समांतर चर खणले, पाणी नद्यांकडे सोडलं आणि कोरड्या झालेल्या पट्ट्यांवर धान्य पेरलं. सुरुवातीला पीक चांगलं आलं असणार, कारण अशा जमिनीत पहिली काही वर्षं कस असतो. मग जमीन बसू लागली आणि पाणी पुन्हा मुळांपर्यंत आलं. उपाय एकच दिसत होता, तो म्हणजे चर आणखी खोल करणं. त्याने जमीन आणखी बसली. पिढ्यान् पिढ्या हे चालू राहिलं. धान्य जाऊन गवत आलं, शेती जाऊन गुरं आली, आणि एके काळी समुद्राच्या बरीच वर असलेली जमीन भरतीच्या पाण्याच्या जवळपास येऊन ठेपली.

त्या शेतकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एका आयुष्यात माणसाला फरक दिसतो तो वीतभर. आपल्या आजोबांच्या काळात हे शेत किती उंच होतं, हे मोजून ठेवणारं कुणी नव्हतं.

समुद्र आत कसा आला

रोमन काळात या प्रदेशाच्या मध्यभागी एक गोड्या पाण्याचं सरोवर होतं. रोमन लेखक त्याला फ्लेवो म्हणत. मध्ययुगात ते पसरून आल्मेरे नावाचं मोठं सरोवर झालं. बाराव्या-तेराव्या शतकांत, विशेषतः ११७० आणि १२८७ च्या वादळांत, उत्तर समुद्राने मधली पीटची पट्टी फोडली. सरोवर खाडीला जोडलं गेलं, पाणी खारट झालं आणि त्याला दक्षिणेचा समुद्र, म्हणजे झायडर झी, हे नाव पडलं.

बसलेल्या, मऊ, हलक्या पीटच्या काठावर लाटा आपटल्या की तो तुकड्या-तुकड्यांनी तुटतो. काही तुकडे तर तरंगत निघून जातात. स्खोकलांड हा आधी मुख्य भूमीला जोडलेला भाग होता. पंधराव्या शतकापर्यंत तो तिच्यापासून पूर्ण सुटला आणि बेट झाला. त्यानंतरची चारशे वर्षं ते बेट मुख्यतः पश्चिमेच्या बाजूने झिजत राहिलं. मधूनमधून पुराच्या पाण्याने चिकणमातीचा थर वर आणून टाकला. चिकणमाती वजनदार, तिच्या भाराने खालचा पीट आणखी दबला.

इथे शेजारच्या उर्क बेटाकडे पाहणं भाग आहे. उर्क स्खोकलांडपासून पश्चिमेला अगदी जवळ, त्याच समुद्रात, त्याच वाऱ्यांच्या तोंडावर. तेही झिजलं. पण त्याचा गाभा पीटचा नव्हता. हिमयुगातल्या हिमनद्यांनी दाबून ठेवलेल्या दगडगोट्यांच्या घट्ट चिकणमातीची ती टेकडी होती. लाटा तिला सहजासहजी फोडू शकल्या नाहीत. १८५९ मध्ये उर्क रिकामं करावं लागलं नाही. आज ते मुख्य भूमीला जोडलेलं आहे, स्वतंत्र पालिका आहे, लोकसंख्या वीस हजारांच्या वर आहे आणि मासेमारीतलं देशातलं मोठं नाव आहे. दोन बेटं, एकच समुद्र आणि दोन टोकांची नशिबं. फरक होता तो मातीचा.

एक बेट, दोन गावं

स्खोकलांडवर उत्तरेला एमेलोर्ड आणि दक्षिणेला एन्स. सपाट जमिनीवर घर बांधणं शक्यच नव्हतं, म्हणून माती, शेण आणि लव्हाळे यांची भर घालून उंचवटे तयार करायचे आणि त्यांवर दाटीवाटीने लाकडी घरं उभी करायची. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर ही रीत फार जुनी आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने अशा उंचवट्यांवर राहणाऱ्या माणसांचं वर्णन केलं आहे. भरतीत ती खलाशांसारखी दिसतात आणि ओहोटीत जहाज फुटलेल्यांसारखी, असं तो म्हणतो. स्खोकलांडचे लोक एकोणिसाव्या शतकातही तसंच राहत होते.

दोन्ही गावांचे मालक वेगळे. १६६० मध्ये आम्सटरडॅम शहराने उर्क आणि एमेलोर्ड यांचे हक्क विकत घेतले, कारण झायडर झीतून शहराकडे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांसाठी तिथला दीप तेवत राहणं त्यांच्या फायद्याचं होतं. दक्षिणेचा भाग ओव्हरआयसेल प्रांताकडे. म्हणजे एवढ्याशा बेटाच्या मधून राजकीय सीमा जात होती. धर्मही विभागलेला. एमेलोर्डचे लोक कॅथलिक, दक्षिणेचे प्रोटेस्टंट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंच प्रभावाखालच्या प्रशासकीय सुधारणांत, दोन्ही भाग मिळून एक पालिका झाली. नकाशावर बेट एक झालं. लग्नं, चर्च, शाळा आणि शेजार मात्र आपापल्या उंचवट्यावरच राहिले.

उंचवट्यांना जोडणारा रस्ता म्हणजे लाकडी फळ्यांची अरुंद वाट. दोन्ही बाजूंना चिखल, नाहीतर पाणी. वाऱ्यात, अंधारात, हातात ओझं घेऊन त्यावरून चालायचं. समोरून कुणी आलं की एकमेकांना धरून, अंग चोरून पलीकडे जायचं. एका गावातून दुसऱ्या गावात जाणं असं कष्टाचं असेल, तर दोन समाज वेगळे राहतात यात नवल काय?

पोट चालायचं ते मासेमारीवर. शेतीला जमीन उरलीच नव्हती. थोडं गवत मिळे, तेही पाण्याच्या मर्जीवर. मासा कमी मिळाला किंवा हिवाळ्यात समुद्र गोठला की उपासमार ठरलेली. एकोणिसाव्या शतकात लोकांना काम मिळावं म्हणून सुती कापड विणण्याचा उद्योगही बेटावर आणून पाहिला गेला, पण त्याने गरिबी हटली नाही.

आणि खर्च होता किनारा राखण्याचा. लाकडी खांब एकाला एक लावून समुद्रात ठोकायचे, त्यांच्या मागे दगड आणि माती भरायची. खांब कुजतात, बर्फाच्या लाद्या त्यांना उखडतात, आणि १७३० च्या दशकात तर लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्याने डच किनाऱ्यावरची लाकडी बंदिस्ती ठिकठिकाणी पोकळ करून टाकली. मग दगड आणणं आलं. नेदरलँड्समध्ये दगड मुळात दुर्मीळ, तो दुरून आणायचा आणि त्याचा भार मऊ पीटवर टाकायचा. खालची जमीनच बसत असेल तर वरची बंदिस्ती तरी किती काळ सरळ राहणार? कोकणात खारबंदिस्तीची डागडुजी दरवर्षी करावी लागते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या कामाची दमछाक वेगळी सांगायला नको.

फेब्रुवारी १८२५

वादळी उधाण कसं येतं, हे थोडक्यात पाहू. उत्तर समुद्र वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळता आहे. वायव्येकडून सोसाट्याचा वारा बराच वेळ वाहिला की पाणी या निमुळत्या टोकाकडे ढकललं जातं आणि त्याला बाजूला पसरायला जागा मिळत नाही. त्यात पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती असली तर पातळी आणखी चढते. झायडर झीत तर हे पाणी बेटांमधल्या फटींतून आत घुसे आणि पूर्वेच्या काठावर जाऊन साचे. स्खोकलांड नेमकं त्याच पूर्वेच्या भागात.

फेब्रुवारी १८२५ च्या पहिल्या आठवड्यात हे सगळं एकदम जुळून आलं. ओव्हरआयसेलच्या सखल भागात शेकडो माणसं बुडाली. स्खोकलांडवर १३ जण गेले. घरं वाहून गेली, जी उरली ती मोडकळीला आली, खांबांची बंदिस्ती तुटली. साडेसहाशेच्या वस्तीत १३ म्हणजे प्रत्येक जण कुणातरी गेलेल्याचा नातेवाईक किंवा शेजारी.

तरी लोक परतले आणि घरं पुन्हा बांधली. १८३४ मध्ये मधल्या उंचवट्यावर एक नवं प्रोटेस्टंट चर्चही उभं राहिलं. ते आजही उभं आहे. सरकारने एवढा पैसा बेटावर घातला, याचा अर्थ तेव्हा तरी बेट सोडण्याचा निर्णय झालेला नव्हता. पण पुढची पंचवीस वर्षं दर हिवाळ्यात तेच. मोडतोड, दुरुस्ती, मदतनिधी, पुन्हा मोडतोड.

पालिका बंद होते म्हणजे काय

नेदरलँड्समध्ये पालिकेला गेमेंते म्हणतात. तिला महापौर असतो, निवडलेली परिषद असते. शहर असो वा चार खेडी, सगळ्यांना हीच व्यवस्था. १८५१ च्या कायद्याने तिला आजचं मूळ रूप आलं. तेव्हा देशात बाराशेच्या वर पालिका होत्या. आज ३४२ आहेत. बाकीच्या जवळजवळ सगळ्या विलीनीकरणात गेल्या. दोन-चार छोट्या पालिका एकत्र केल्या, नवं नाव दिलं, कचेरी एका गावात नेली, आणि लोक मात्र आपापल्या घरात राहिले.

स्खोकलांडचं तसं झालं नाही. इथे माणसंच हलवली गेली आणि मग पालिका बंद झाली. डिसेंबर १८५८ मध्ये कायदा झाला. राजा विल्यम तिसरा तेव्हा गादीवर होता. कारणं दोन दिली जात. एक, लोकांच्या जिवाला धोका. दोन, बेट राखण्याचा खर्च तिथल्या वस्तीच्या मानाने परवडणारा नाही. दोन्ही खरी होती. घरमालकांना भरपाई मिळाली. घरं मोडण्यात आली, म्हणजे कुणी परत येऊन राहणार नाही. पुढच्या १० जुलैला पालिका संपली.

मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. त्या जमिनीवर आणखी पन्नास वर्षं माणसं ठेवणं म्हणजे पुढच्या वादळाची वाट पाहणं होतं. पण तो निर्णय घेतला गेला तेव्हा ती माणसं इतकी गरीब झाली होती की विरोध करण्याची ताकदही त्यांच्यात फारशी उरली नव्हती, हे विसरू नये. सुरक्षिततेचा हिशेब त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी केला.

कॅथलिकांपैकी बरेच जण पश्चिम किनाऱ्यावरच्या फोलेंडाम या कॅथलिक मच्छीमार गावात गेले. काही समोरच्या फोलेनहोव्हेला, तर पुष्कळ जण कांपेन शहराच्या ब्रुनेपे वस्तीत. मासेमारी सुटली नाही, फक्त बंदर बदललं. त्यांच्या वंशजांची संघटना आजही आहे आणि ती घराण्यांच्या नोंदी जपते. बेटावर उरले ते दीपगृहाचे आणि बंदराचे कर्मचारी. बंदर चालू ठेवावं लागलं, कारण वादळात सापडलेल्या होड्यांना त्याचा आसरा होता.

समुद्र काढून टाकण्याचं काम

झायडर झी बंद करण्याच्या कल्पना जुन्या होत्या. अमलात आणता येईल अशी योजना अभियंता कोर्नेलिस लेली यांनी १८९१ मध्ये मांडली. पैशांवरून ती रखडली. मग जानेवारी १९१६ च्या पुराने झायडर झीच्या काठाला तडाखा दिला. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई जाणवली, म्हणजे नव्या शेतजमिनीचं महत्त्वही पटलं. १९१८ मध्ये कायदा झाला, तेव्हा लेली स्वतः मंत्री होते.

योजनेचे दोन भाग होते. पहिला म्हणजे उत्तरेकडे ३२ किलोमीटरचा बांध घालून झायडर झी खुल्या समुद्रापासून तोडायचा. तो बांध, आफस्लाउटडाइक, २८ मे १९३२ रोजी पूर्ण जुळला. लेली ते पाहायला नव्हते. ते १९२९ मध्येच वारले. बांधाला लागणारी घट्ट चिकणमाती समुद्राच्या तळातूनच काढली होती, उर्कला तारणारी तीच हिमनदीची माती. आयसेल नदीचं पाणी येत राहिल्याने आतला समुद्र काही वर्षांत गोडा झाला आणि त्याला आयसेलमेर हे नाव मिळालं.

दुसरा भाग म्हणजे या सरोवरातले काही तुकडे वेगळ्या बांधांनी घेरून पंपाने कोरडे करायचे. अशा घेरलेल्या, पंपाने कोरड्या ठेवलेल्या सखल जमिनीला पोल्डर म्हणतात. कोकणातल्या खारभूमीत ओहोटीला उघाडीतून पाणी आपोआप बाहेर जातं; इथे जमीन बाहेरच्या पाण्यापेक्षा कित्येक मीटर खाली असल्याने पाणी सतत उपसूनच काढावं लागतं. पंप थांबले तर पोल्डर भरतो.

नोर्डओस्टपोल्डर हा असाच एक, ४८,००० हेक्टरचा. त्याच्या घेरात उर्क आणि स्खोकलांड दोन्ही येत होते. १९३९ मध्ये उर्क बांधाने मुख्य भूमीला जोडलं गेलं. डिसेंबर १९४० मध्ये घेर पूर्ण झाला, तोवर देश जर्मनांच्या ताब्यात गेला होता. तीन पंपगृहांनी पाणी उपसलं आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोल्डर कोरडा झाल्याचं जाहीर झालं. युद्धाच्या त्या वर्षांत चर खणण्याच्या आणि शेतीच्या कामावर हजारो तरुण इथे आले. जर्मनीतल्या सक्तीच्या मजुरीपासून लपायला त्यांच्यापैकी कित्येकांना हीच जागा मिळाली.

नव्या जमिनीवर मधोमध एक शहर आणि भोवती दहा गावं वसवण्यात आली. शहराचं नाव ठेवलं एमेलोर्ड आणि बेटाच्या पूर्वेच्या एका गावाचं नाव एन्स. त्यामुळे आज नकाशात एमेलोर्ड शोधणाऱ्याला हे नवं शहर सापडतं. जुनं एमेलोर्ड म्हणजे बेटाच्या उत्तर टोकावरचा कोरडा धक्का.

कोरड्या बेटाचा दुसरा ऱ्हास

समुद्राचा तळ उघडा पडला तेव्हा काय काय सापडलं! हा पोल्डर ज्यात येतो त्या आजच्या फ्लेवोलांड प्रांतात चारशेच्या वर जहाजांचे अवशेष मिळाले आहेत. स्खोकलांडच्या परिसरात तर उंचवटे, जुने बांध, मध्ययुगीन चर्चचा पाया आणि त्याच्याही खाली प्रागैतिहासिक वस्त्या आहेत. १८३४ च्या चर्चमध्ये संग्रहालय आहे. १९९५ मध्ये युनेस्कोने स्खोकलांड आणि परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदवला. हे मानांकन मिळवणारं ते नेदरलँड्समधलं पहिलं ठिकाण. पाण्याशी डच लोकांनी शतकानुशतकं दिलेल्या झुंजीचं प्रतीक, अशी त्याची ओळख सांगितली जाते.

आता नांगराच्या त्या रेघांकडे परत येतो. त्या, तसंच लाकडी खांब, हाडं, बिया हे सगळं टिकलं, कारण ते हजारो वर्षं पाण्याने भरलेल्या, हवा नसलेल्या मातीत पुरलेलं होतं. पोल्डर कोरडा केला म्हणजे नेमकं काय केलं? भोवतालचं भूजल कित्येक मीटर खाली नेलं. बेटाखालचा पीट त्याच भूजलावर उभा होता. शेतीसाठी पाणी खाली ठेवायचं तर बेटाखालचं पाणी कडेने झिरपून जातं, पीट वाळतो, बसतो, कुजतो. आणि त्यातलं लाकूड आणि हाडंही कुजू लागतात. समुद्राने जे जपून ठेवलं होतं, ते समुद्र गेल्यावर नासायला लागलं. पोल्डर कोरडा झाल्यापासून त्याच्या काही भागांत जमीन मीटरभर खाली गेली आहे. अकराव्या शतकातल्या शेतकऱ्याने फावड्याने जे केलं, तेच विसाव्या शतकाने पंपांनी केलं.

हा परिणाम फक्त बेटापुरता राहिला नाही. नोर्डओस्टपोल्डर पूर्वेला जुन्या मुख्य भूमीला थेट चिकटलेला आहे. पोल्डरमधलं पाणी इतकं खाली गेलं की शेजारच्या जुन्या गावांच्या जमिनीतलं भूजलही तिकडे ओढलं गेलं आणि तिथल्या शेतजमिनी कोरड्या पडू लागल्या. म्हणूनच पुढच्या मोठ्या पोल्डरच्या वेळी, १९५० च्या दशकात, जुनी भूमी आणि नवा पोल्डर यांच्यामध्ये मुद्दाम पाण्याचे लांब पट्टे ठेवले गेले. आज पर्यटक त्या सरोवरांत शिडाची होडी चालवतात. मुळात ती जुन्या जमिनीचं भूजल धरून ठेवायला राखली होती.

स्खोकलांडसाठीही असाच उपाय करावा लागला. बेटाच्या पूर्व बाजूच्या पट्ट्यात शेती थांबवून भूजलाची पातळी वर ठेवली जाते, म्हणजे बेटाच्या कडेचा पीट ओला राहतो. समुद्राविरुद्धच्या झुंजीचं प्रतीक असलेली जागा आता पाणी परत आणून वाचवली जाते आहे. याला कुणी विरोधाभास म्हणेल. मला तर ती आठशे-हजार वर्षांनी झालेली दुरुस्ती वाटते. पण ती पूर्ण दुरुस्ती नव्हे. पाणी वर ठेवल्याने बसणं मंदावतं. बसलेली उंची परत मिळत नाही. आणि पातळी वाढवण्याचा प्रत्येक प्रस्ताव कुणाच्या तरी शेताला भिडतो. कांदा-बटाट्याला कोरडी माती हवी, पीटला ओली, आणि भूजल बांधावर थांबत नाही.

हाच वाद नेदरलँड्सच्या पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या विस्तीर्ण कुरणांतही चालू आहे. त्यांच्याखालीही पीट आहे, तिथेही शतकानुशतकं चर खोल होत गेले आहेत, आणि जमीन अजून दरवर्षी काही मिलिमीटर खाली जाते आहे. २०१९ च्या हवामान करारात या कुरणांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड २०३० पर्यंत वर्षाला दहा लाख टनांनी घटवण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. मार्ग तोच, पाणी वर आणणं. पाणी वर आलं की वसंत ऋतूत कुरण उशिरा वाळतं, जड यंत्र चिखलात रुततं, गाई चरायला उशिरा सोडाव्या लागतात. त्याची भरपाई किती, किती वर्षं आणि कुणी द्यायची, यावर शेतकरी, पाण्याची पातळी सांभाळणारी स्थानिक पाणी मंडळं आणि सरकार यांच्यात सध्या घासाघीस चालू आहे.